तळ्याच्या तळाचा चिखल हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस कसा सांगतो

'चार हजार वर्षांपूर्वी या भागात दीर्घकाळ दुष्काळ होता' अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न डोक्यात येतो तो हाच, की तेव्हा पाऊस मोजायला बसलं होतं कोण? कोणीच नाही. पाऊस मोजून कागदावर लिहून ठेवायची सवय माणसाला तशी फार उशिरा लागली. इंग्लंड-वेल्सची महिन्यावार सलग नोंद १७६६ पासून आहे आणि तीच जगातल्या सगळ्यात लांब नोंदींपैकी एक समजतात, भारताची देशभराची सलग आकडेवारी १८७१ पासून धरतात. म्हणजे फार फार तर अडीचशे वर्षं. त्याच्या मागे जायचं तर जे काही तेव्हापासून जागच्या जागी पडून आहे त्यालाच विचारावं लागतं, झाडाच्या खोडातली वर्तुळं, गुहेत वाढणारे चुनखडीचे खांब, ध्रुवाकडचा बर्फ आणि तळ्याच्या तळाशी साचलेला गाळ. यातला गाळ दिसायला सगळ्यात दरिद्री, पण तळी जवळपास सगळ्या जगात आहेत आणि बर्फ काही सगळीकडे नाही, शिवाय उष्ण प्रदेशात बऱ्याच झाडांना धड वर्तुळंही पडत नाहीत. म्हणून शेवटी चिखलातच हात घालावा लागतो.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. गाळ पाऊस मोजत नाही. गाळात कुठेही 'यंदा ८०० मिलिमीटर' असं लिहिलेलं नसतं. तळ्याचं पाणी वाढलं की कमी झालं, खारट झालं की गोडं राहिलं, आजूबाजूची माती जास्त वाहून आली की कमी, काठावर झाडं होती की गवत, एवढंच तिथे उतरतं. पावसापर्यंत पोचायचं काम आपण उलट्या दिशेने करायचं असतं, आणि सगळी गंमत आणि सगळे घोळ त्या उलट्या प्रवासात आहेत.

तळं म्हणजे एक खड्डा, आणि खड्ड्याचा स्वभाव साठवायचा. ओढे माती आणतात, वारा धूळ आणि परागकण आणतो, पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि किडे जगतात आणि मरून खाली बसतात, पाण्यात विरघळलेले क्षार कधीकधी खडा धरून तळाला जातात. हे सगळं एकावर एक बसत राहतं, जुनं खाली, नवं वर. वेग फार कमी असतो, बऱ्याच तळ्यांत वर्षाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे एक मीटर गाळात हजारभर वर्षं सहज मावतात. तळ खोल असेल आणि तिथे ऑक्सिजन पोचत नसेल तर अजून छान, कारण मग तिथे किडे-अळ्या जगत नाहीत आणि गाळ उकरून थर एकमेकांत मिसळत नाहीत. उथळ तळ्यात ही मिसळामिसळ होते आणि मग कितीही बारकाईने बघितलं तरी दहा-वीस वर्षांचा मिळून एकच काला हाती लागतो.

गाळ काढायची पद्धत ऐकायला सोपी आहे, तराफ्यावरून एक लांब पाइप उभा खाली खुपसायचा आणि आत अडकलेला गाळाचा दंडगोल वर ओढायचा, त्याला कोअर म्हणतात. प्रत्यक्षात नुसता पाइप खुपसला तर गाळ आत सरळ शिरत नाही, दाबून बसतो नाहीतर बाजूला सरकतो, म्हणून पाइपच्या आत दट्ट्या ठेवतात, पाइप खाली जातो पण दट्ट्या जागेवरच राहतो आणि त्या ओढीमुळे गाळ न चेपता आत येतो. इंजेक्शनच्या सिरिंजचंच तत्त्व. एका झटक्यात एक-दोन मीटरच निघतो, म्हणून त्याच भोकातून पुन्हा पुन्हा खाली जातात, आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर काही हरवू नये म्हणून शेजारी दुसरं भोक पाडून त्यातले तुकडे खोलीत अर्ध्या मीटरच्या फरकाने काढतात. सगळ्यात वरचा गाळ तर इतका पातळ असतो की पाइपमध्ये हिंदकळून सगळं एक होतं, तो कोरड्या बर्फाने जागेवरच गोठवून काढतात. थंड देशातले लोक सरळ हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावर उभं राहून हे काम करतात, तराफ्याची भानगडच नाही.

मग कोअर लांबीने उभा चिरतात. ऑक्सिजन नसलेल्या तळातला गाळ असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि संशोधक त्यावर खूश होतात कारण असा गाळ बहुधा न उकरलेला असतो! काळे-हिरवे पट्टे हवा लागली की थोड्या वेळात फिके पडायला लागतात म्हणून आधी घाईघाईने फोटो. एक अर्धा भाग कामाला घेतात, दुसरा चार अंश सेल्सियसच्या आसपास थंड खोलीत जपून ठेवतात. मग एक्स-रे मारून कुठल्या खोलीवर कुठलं मूलद्रव्य किती हे मशीन मिलिमीटर-मिलिमीटरला वाचत जातं, गाळाला हातही न लावता.

आता मुख्य मुद्दा, तळं कुठलं निवडायचं. कुठलंही चालत नाही. ज्या तळ्यातून जास्तीचं पाणी एखाद्या नदीने बाहेर वाहून जातं ते उघडं तळं, त्यात पाऊस दुप्पट झाला तरी पातळी फारशी वाढत नाही, उरलेलं निघून जातं. पावसासाठी हवं असतं बंद तळं, ज्यात पाणी येतं पण बाहेर जायला वाट नाही, जाणार ते फक्त वाफ होऊन. अशा तळ्याचा जमाखर्च अगदी सरळ असतो. जमेला पाऊस आणि ओढ्यांचं पाणी, खर्चाला बाष्पीभवन. जमा कमी पडली की पाणी उतरतं, आणि वाफ होताना क्षार मागेच राहतात म्हणून उरलेलं पाणी खारट होत जातं. म्हणजे खारटपणा ही तळ्याची शिल्लक झाली, फक्त उलटी, खारट जास्त तर शिल्लक कमी.

पण इथे लगेच पहिला खड्डा आहे. शिल्लक कमी झाली ती जमा कमी झाली म्हणून की खर्च वाढला म्हणून? हवा गरम झाली, वारा वाढला, ढग कमी झाले तर पाऊस तेवढाच असूनही तळं उतरेल. म्हणूनच जाणकार लोक 'पाऊस कमी झाला' असं पटकन लिहीत नाहीत, 'कोरडा काळ' लिहितात. बातमीत येईपर्यंत त्याचा दुष्काळ होतो तो भाग वेगळा.

पाणी आटत गेलं की क्षार एका ठराविक क्रमाने खडा धरतात. आधी चुनखडी म्हणजे कॅल्साइट, अजून आटलं की जिप्सम, आणि अगदी शेवटी मीठ. अर्थात हा क्रम पाण्यात आधी काय विरघळलंय त्यावर बदलतो. लोणारचंच घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात पडलेल्या खड्ड्यात आहे, खड्ड्याचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, बाहेर वाहणारा ओढा नाही, पाणी खारं आणि शिवाय जोरदार अल्कलीही. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं ते बऱ्याच जणांना आठवत असेल, उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढल्यावर मिठात रमणारे सूक्ष्मजीव माजले होते. म्हणजे बंद तळं जमाखर्चाला कसं पटकन प्रतिसाद देतं ते तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसलं. तर या लोणारच्या तळातून साधारण १० मीटरचा गाळ काढून भारतीय आणि जर्मन संशोधकांनी त्याचा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो छापून आला, आणि त्यात साधारण ११,००० वर्षांची नोंद निघाली. दोन पट्ट्यांमध्ये त्यांना गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक मिळाले. सोडियम आणि कॅल्शियमचं हे कार्बोनेट, पाणी फारच आटून दाट झालं तर बनतं. ते पट्टे साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे, आणि या दोन काळांना त्यांनी मान्सूनचे लांबलेले कोरडे काळ म्हटलं.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, 'वर्षांपूर्वी' म्हणजे आजच्यापूर्वी नाही, १९५० च्या पूर्वी. कार्बन डेटिंगवाल्यांनी हे साल ठरवून टाकलंय, कारण त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण पार बिघडवलं. म्हणजे ६०० वर्षांपूर्वी याचा अर्थ इसवी सन १३५० च्या आसपास. दुसरी, १,४०० वर्षांचा कोरडा काळ म्हणजे १,४०० वर्षं पाऊसच नाही असं कोणी म्हणत नाही, तेव्हाही चांगले पावसाळे झाले असणार, राज्यं आली-गेली, शेती होतच होती. गाळाचा एक सेंटिमीटर घेतला तर त्यात दहा-वीस वर्षं एकत्र असतात, त्यात एखाद्या वर्षाचा भीषण दुष्काळ दिसतच नाही, बाजूच्या बऱ्या वर्षांत बुडून जातो. गाळाला दिसतं ते वळण, घटना नाही.

आता ऑक्सिजनकडे येऊ, कारण या विषयात सगळ्यात जास्त वापरलेली आणि सगळ्यात जास्त गैरसमज झालेली युक्ती हीच आहे. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे, पण पाचशेत साधारण एक १८ वजनाचा असतो. रसायन तेच, फक्त थोडा जड. पाण्याची वाफ होताना हलके रेणू जरा सहज उडतात, जड जरा मागे राहतात. बंद तळं आटत गेलं की उरलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढत जातं. त्या पाण्यात एखादी गोगलगाय शंख बांधते तेव्हा ऑक्सिजन त्याच पाण्यातून घेते, मग ती मरते, शंख गाळात जातो, आणि चार हजार वर्षांनी कोणीतरी तो शंख मशीनमध्ये घालून १८ आणि १६ चं गुणोत्तर मोजतो. हरियाणातल्या कोटला दहर या जुन्या तळ्यात नेमकं हेच केलं, तिथल्या शंखांमध्ये साधारण ४,१०० वर्षांपूर्वी जड ऑक्सिजनचं प्रमाण एकदम दर हजारी ४ ने वाढलेलं दिसलं. ऐकायला क्षुल्लक आकडा, पण या मोजमापात तो मोठा समजतात. त्यावरून उन्हाळी मान्सून तेव्हा कमकुवत झाला असा निष्कर्ष निघाला.

मग गैरसमज कुठे? तर शंखातल्या ऑक्सिजनवर फक्त आटण्याचा परिणाम नसतो. पाण्याचं तापमान, पाऊस कुठल्या समुद्रावरून आला, तो किती जोराचा होता, गोगलगाईने शंख पावसाळ्यात बांधला की उन्हाळ्यात, या सगळ्याचा असतो. बंद तळ्यात आटण्याचा परिणाम बाकीच्यांवर भारी पडतो म्हणून ही पद्धत चालते, उघड्या तळ्यात तोच आकडा वेगळंच काही सांगत असतो. सरसकट एक नियम लावून दहा तळ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवणारे लोक बघितले की मला तरी धडकी भरते.

मिलिमीटर नाही तर निदान टक्के तरी कोणी काढलेत का? काढलेत, आणि ती गोष्ट मला फार आवडते. मेक्सिकोच्या युकातान भागात चिचानकनाब नावाचं तळं आहे, पाणी खारट, तळाशी जिप्समचे थर. १९९५ मध्ये डेव्हिड हॉडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माया संस्कृतीची मोठी शहरं ओस पडली त्याच सुमाराला, म्हणजे इसवी सन ८०० ते १००० च्या दरम्यान, तिथे जिप्सम भरपूर साचलं होतं. कोरडा काळ होता एवढं पक्कं झालं, पण किती कोरडा? त्या किती-चं उत्तर यायला २०१८ उजाडलं. जिप्समची खासियत अशी की स्फटिक बनताना तो पाण्याचे रेणूच आत कोंडून घेतो, दर एका कॅल्शियम सल्फेटमागे दोन. म्हणजे त्या काळच्या तळ्याचं खरंखुरं पाणी स्फटिकात बंद होऊन राहिलेलं असतं! संशोधकांनी ते पाणी बाहेर काढलं आणि त्यातले ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांचेही हलके-जड प्रकार मोजले. इतकी मापं एकाच वेळी हातात आली की बाष्पीभवनाचा वाटा, हवेतली आर्द्रता आणि पाऊस यांना वेगवेगळं करता येतं, कारण प्रत्येक मापावर त्यांचा परिणाम वेगवेगळ्या प्रमाणात होतो. मग तळ्याच्या जमाखर्चाचं कॉम्प्युटर मॉडेल हजारो वेळा चालवून, कुठल्या पावसाला स्फटिकातलं हे पाणी मिळतं ते बघितलं. उत्तर आलं, त्या काळात वर्षाचा पाऊस आजच्यापेक्षा सरासरी निम्म्याने कमी आणि ऐन कोरड्या टप्प्यात ७० टक्क्यांपर्यंत कमी. असा आकडा फार थोड्या तळ्यांतून निघतो. बाकी ठिकाणी 'जास्त ओलं, कमी ओलं' एवढ्यावरच भागवावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

जिवंत साक्षीदार वेगळेच. डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाला सिलिकाचं म्हणजे जवळजवळ काचेचंच कवच असतं, ते गाळात सहसा टिकतं, आणि प्रत्येक जातीची आवड ठरलेली असते, काही गोड्या पाण्यातल्या, काही खाऱ्या, काही अधल्यामधल्या. आजच्या बऱ्याच तळ्यांतून नमुने घेऊन कुठल्या खारटपणाला कुठल्या जाती किती असतात याचा तक्ता बनवायचा, मग जुन्या थरातल्या जाती मोजून तक्त्यावरून तेव्हाचा खारटपणा काढायचा. केनियातल्या नैवाशा तळ्याच्या गाळातून अशा पद्धतीने, डायटम आणि चिलटांसारख्या छोट्या कीटकांच्या अळ्यांची डोकी मोजून, ११०० वर्षांचा इतिहास काढला, २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला. इसवी सन १००० ते १२७० फार कोरडं, नंतर एकंदरीत ओलं, पण मध्ये तीन लांब कोरडे काळ. आणि त्या भागातल्या लोकांच्या पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या कथांमध्ये दुष्काळ, स्थलांतर आणि मारामाऱ्यांचे जे काळ सांगितले जातात ते या तीन कोरड्या काळांशी जुळले. अळीचं डोकं आणि आजीची गोष्ट एकच सांगतायत, यापेक्षा भारी काय असणार.

परागकणांची पद्धत सगळ्यात जुनी, स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टने १९१६ मध्ये ती मांडली. परागकणाचं बाहेरचं कवच विलक्षण चिवट असतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली झाड कुठलं ते बऱ्याचदा ओळखता येतं. पण पाइनसारखी वाऱ्यावर पराग उधळणारी झाडं दूरवरूनही गर्दी करतात आणि किड्यांकडून परागण करून घेणारी शेजारची झाडं हजेरीच लावत नाहीत. त्यात माणसाने जंगल तोडून शेत केलं की झाडाचे पराग कमी, गवताचे जास्त, म्हणजे हुबेहूब दुष्काळाचं चित्र! म्हणून हल्ली पानावरच्या मेणावर भर आहे. पानाला पाण्यापासून वाचवणारा जो मेणाचा पातळ थर असतो त्यातला हायड्रोजन झाडाने पावसाच्या पाण्यातूनच घेतलेला असतो, मेण गाळात हजारो वर्षं टिकतं, त्यामुळे तळ्याच्या जमाखर्चाला वळसा घालून पावसाच्या जवळ जाता येतं.

मातीबद्दल एकच सांगतो. टायटॅनियम पाण्यात विरघळत नाही, ते तळ्यात येतं ते मातीबरोबरच, म्हणून टायटॅनियम जास्त म्हणजे धूप जास्त म्हणजे पाऊस जास्त असं सरळ धरायची पद्धत आहे. बऱ्याच ठिकाणी ते बरोबरही येतं. पण कोरड्या प्रदेशात नेमकं उलटं होऊ शकतं, पाऊस कमी झाला की गवत-झुडपं मरतात, जमीन उघडी पडते आणि मग एकच वादळी सर पूर्वीपेक्षा जास्त माती घेऊन येते. नांगर आला की अजूनच गोंधळ. म्हणून गाळाचा वरचा शंभर वर्षांचा भाग आणि मापकावर मोजलेला पाऊस शेजारी ठेवून या तळ्यात खूण कुठल्या बाजूला वळते ते आधी तपासायचं असतं, आणि ही साधी गोष्ट दरवेळी केलेली असतेच असं नाही.

आता तारखा. माझ्या मते सगळ्या विषयाचा जीव इथे आहे, कारण बाकी सगळं अचूक मोजलं आणि वय चुकलं तर दुष्काळ भलत्याच राजाच्या गळ्यात पडतो.

वरचा ताजा गाळ सोपा. शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार, लेड-२१०, हवेतून सतत पडत असतो आणि साधारण २२ वर्षांत निम्मा होतो, त्यावरून मागची शंभर-सव्वाशे वर्षं मोजता येतात. सिझियम-१३७ चा तर ठळक शिक्काच आहे, अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे १९६३ मध्ये त्याचं प्रमाण सगळ्यात वर गेलं, युरोपात १९८६ च्या चेर्नोबिलचा दुसरा शिक्का मिळतो. कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याचे थर इतके स्वच्छ आहेत की २०२३ मध्ये 'मानवयुग', म्हणजे माणसाची छाप पडलेलं नवं भूशास्त्रीय युग, कुठून सुरू झालं ते दाखवणारी जागा म्हणून त्याची निवड झाली होती, पुढच्या वर्षी तो प्रस्तावच फेटाळला गेला ती वेगळी भानगड.

त्याखाली कार्बन-१४. अर्धायुष्य ५,७३० वर्षं, साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालतं. पण तळ्यात एक सापळा आहे. चुनखडीच्या प्रदेशातलं पाणी खडकातला लाखो वर्षं जुना, कार्बन-१४ संपलेला कार्बन विरघळवून आणतं, पाण्यातली वनस्पती तोच वापरते, आणि मग काल मेलेलं शेवाळ तारखेत शेकडो, कधी हजारावर वर्षांचं म्हातारं निघतं. म्हणून जमिनीवरच्या झाडाचं पान, बी, काडी, कोळसा असलं काही गाळात सापडलं तर सोन्याहून पिवळं. एखादा अभ्यास वाचताना तारखा कशाच्या काढल्यात हे मी तरी सगळ्यात आधी बघतो, सगळ्याच नुसत्या 'गाळा'च्या असल्या तर निष्कर्षाला चिमूटभर कमी मार्क.

काही तळ्यांमध्ये मात्र तारीख मोजायचीच गरज नाही, वर्षं थेट मोजता येतात. ऋतूप्रमाणे एक फिका आणि एक गडद असे थर पडतात, जोडी मिळून एक वर्ष, याला वार्व म्हणतात. स्वीडनच्या जेरार्ड दे येरने हिमनदी वितळून साचलेल्या मातीत असे थर मोजायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरुवात केली. पण या प्रकारातलं सगळ्यात नावाजलेलं तळं जपानमधलं सुइगेत्सु. तिथे योग असे जुळून आलेत की वाटतं कोणी मुद्दाम बांधलंय. मोठी नदी थेट आत येत नाही, ती आधी शेजारच्या तळ्यात गाळ टाकून येते, चहूबाजूंनी टेकड्या म्हणून वारा पाणी ढवळत नाही, तळाशी ऑक्सिजन नाही म्हणून किडे नाहीत, आणि जवळच्या भूभ्रंशामुळे, म्हणजे जमिनीतल्या सरकत्या भेगेमुळे, तळ सावकाश खचत राहतो त्यामुळे इतका गाळ साचूनही तळं भरत नाही. तिथल्या ४५ मीटर जाडीच्या थरांत ७०,००० वर्षं आहेत, फुकुई प्रांतात २०१८ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात ते सगळे भिंतीवर सलग मांडलेत, चालत गेलं की मागे मागे जाता येतं. त्यात झाडांची पानं ओळीने सापडली, प्रत्येक पानाचं वय थर मोजूनही कळतं आणि कार्बनवरूनही, आणि त्या दोघांची जोडी लावून २०१२ मध्ये ५२,८०० वर्षांपर्यंतच्या कार्बन तारखा दुरुस्त करायची मोजपट्टी तयार झाली. बाकी जगाच्या तारखा आज सुधारल्या जातात त्यात या तळ्याचा मोठा वाटा आहे.

आणि ज्वालामुखीची राख. सुमात्रातल्या तोबाचा उद्रेक साधारण ७४,००० वर्षांपूर्वीचा, त्याच्या राखेचे काचेसारखे कण हजारो किलोमीटर दूर आफ्रिकेतल्या मलावी तळ्याच्या गाळात सापडले. तो थर दिसला की वयाबद्दल वादच संपतो.

इतकं असूनही भांडणं होतात, आणि राजस्थानचं भांडण त्यातलं मासलेवाईक. गुरदीप सिंग यांनी १९७१ मध्ये तिथल्या खाऱ्या तळ्यांतल्या परागकणांवरून मांडलं की सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या वेळी हवामान जास्त ओलं होतं. बरीच वर्षं हेच चाललं. मग १९९९ मध्ये लूणकरणसरच्या गाळाचा जास्त बारीक तारखांचा अभ्यास आला आणि तो म्हणाला की हे तळं संस्कृती बहरायच्या जवळपास हजार वर्षं आधीच आटलं होतं, म्हणजे ती शहरं कोरड्या हवामानातच उभी राहिली. मग २०१४ चं कोटला दहर, तिथला झटका ४,१०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे शहरं विस्कटायला लागली त्या सुमाराचा. कोण बरोबर? मला वाटतं सगळेच आपापल्या तळ्यापुरते बरोबर असू शकतात. एक तळं वाळवंटाच्या कडेचं, थोडा पाऊस घटला तरी कोरडं पडणारं, दुसरं पूर्वेला जास्त पावसाच्या भागातलं, त्याला कोलमडायला मोठा धक्का लागतो. एकाच मान्सूनच्या घसरणीत दोन तळी वेगवेगळ्या शतकात आटतील. शिवाय ती शहरं हिमालयातून येणाऱ्या नद्यांवरही जगत होती, स्थानिक तळ्यातला चिखल त्या नद्यांबद्दल काही बोलत नाही. एका तळ्यावरून संस्कृती बुडवू नये, एवढं मात्र नक्की.

आणि या वादात एक अडचण अशी आहे जी कितीही चांगलं मशीन आणलं तरी सुटत नाही. तळं पूर्ण आटलं की गाळ साचायचा थांबतो. इतकंच नाही, उघडा पडलेला तळ वाळतो, भेगाळतो आणि वारा वरची माती उडवून नेतो, त्यात आधीची काही शतकंही जातात. पुन्हा पाणी आलं की नवा गाळ थेट जुन्यावर बसतो आणि मधला काळ कोअरमध्ये एका रेघेएवढाच दिसतो, कधी तेवढाही नाही. म्हणजे बरे-वाईट दुष्काळ गाळात नोंदले जातात आणि सगळ्यात वाईट दुष्काळ आपलं पानच फाडून नेतो. लूणकरणसर आटल्यानंतर पुढे काय झालं ते लूणकरणसरला विचारून उपयोग नाही, ते दुसऱ्या कुठल्यातरी न आटलेल्या तळ्याला विचारावं लागतं.

म्हणूनच मलावीसारख्या खोल तळ्यांवर २००५ मध्ये जहाजासारखा तरंगता ड्रिलिंग तराफा नेण्याचा खटाटोप केला. आज ते तळं साधारण ७०० मीटर खोल आहे. गाळात दिसलं की १,३५,००० ते ७५,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान तिथे असे कोरडे टप्पे आले की पाण्याची पातळी निदान ६०० मीटर उतरली होती, पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या डोलण्यातल्या बदलांमुळे त्या भागाचा पाऊस तेव्हा इतका कमी-जास्त होत होता. दुसरं एखादं उथळ तळं अशा वेळी कोरडं ठणठणीत पडून गप्प झालं असतं. मलावीच्या मधोमध मात्र तेव्हाही शंभरेक मीटर खारट पाणी उरलं होतं, आणि त्या पाण्याखाली गाळ साचत राहिला.